कामाच्या वेळेची रोजची नोंद: किती बारीक, कशात आणि कशी?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. काम टेबलावरचं आहे. एक मोठा अहवाल सतत चालू असतो आणि त्याच्या मध्येमध्ये ईमेल, फोन, बैठका आणि "जरा हे बघता का?" म्हणत येणारे सहकारी. आठ-नऊ तास जातात, पण त्यातले अहवालाला किती गेले हे सांगता येत नाही. नोंद ठेवायचा प्रयत्न दोनदा केला. सुरुवात, शेवट आणि कामाचं वर्णन असे तीन रकाने आखले होते. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी वही कोरी.

जाणकारांना विचारायचंय ते असं. मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवायचा की अर्ध्या तासाचा? दोन मिनिटांचा फोन आला तर त्याचं काय करायचं? वही बरी की संगणक? आणि महिनाभर लिहून झाल्यावर त्या पानांचं नेमकं करायचं काय? हजेरीसाठी किंवा बिलासाठी नकोय, स्वतःला कळावं एवढ्यासाठीच हवंय. मोबाइलवरची ॲप कृपया सुचवू नका. मोबाइल हातात घेतला की तोच एक वेगळा रकाना होऊन बसतो.

रोजकीर्द

घोळ त्या तीन रकान्यांतच आहे. 'शेवट' हा रकाना काढून टाका.

एक काम संपतं त्याच क्षणी दुसरं सुरू होतं, मग ते दुसरं काम म्हणजे खिडकीबाहेर बघत बसणं का असेना. म्हणून फक्त बदलाची वेळ लिहायची. सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहायला गेलं की प्रत्येक कामामागे दोनदा पेन उचलावं लागतं, 'शेवट' हमखास राहतो, आणि संध्याकाळी बेरीज केली की पाऊण तास कुठे गेला ते सापडत नाही. नुसत्या बदलाच्या वेळा लिहिल्या तर भोक पडायला जागाच उरत नाही. अर्ध्या दिवसाचं पान साधारण असं दिसेल (अह म्हणजे अहवाल, फो फोन, ई ईमेल, बै बैठक, वि विश्रांती; ही झाली खाती):

९:०५ अह – तक्ता ३
९:४० फो – पुरवठादार
९:५० अह – परत तक्ता ३ ।।
१०:३० ई
१०:५० बै – साप्ताहिक
११:५५ वि
१२:०५ अह – मसुदा, भाग २ ।।।
१३:०० बंद

दिवसभर एवढंच. मिनिटं मोजायची नाहीत, वजाबाकी करायची नाही. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर दिवसभर फक्त कीर्द, म्हणजे घडेल तशी नोंद लिहायची; खतावणी, म्हणजे खातेवार मांडणी, काम आटोपल्यावर. तेव्हा प्रत्येक ओळीपुढे मिनिटं मांडा: ३५, १०, ४०, २०, ६५, १०, ५५. बेरीज २३५. आता पहिली वेळ ९:०५ आणि शेवटची १३:०० यांतलं अंतर बघा, ३ तास ५५ मिनिटं, म्हणजे २३५ च. हा ताळा रोज जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर वजाबाकी चुकली आहे, नोंद नव्हे. मग खात्यांची बेरीज: अह १३०, बै ६५, ई २०, फो १०, वि १०. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

किती बारीक? घड्याळात जवळची पाच मिनिटं. ९:३८ असेल तर ९:४०, ९:३७ असेल तर ९:३५. इथे एक गोम आहे. पूर्णांक करायचा तो वेळेचा, कालावधीचा नाही. 'हे काम १२ मिनिटांचं, लिहा १५' असं प्रत्येक वेळी वर ढकललं तर एका नोंदीमागे सरासरी २ मिनिटं फुकट चढतात आणि १५ नोंदींच्या दिवसात अर्धा तास हवेतून तयार होतो. बदलाची वेळ पुढे-मागे केली तर एका कामाला जास्त गेलेली दोन मिनिटं शेजारच्या कामातून आपोआप वजा होतात. एकूण बेरीज जिथल्या तिथे राहते.

पाच मिनिटांच्या आतला व्यत्यय वेगळ्या ओळीत लिहू नका. चालू ओळीच्या शेवटी एक उभी रेघ मारा आणि कामाला लागा. पाचवी रेघ आडवी मारून जुडी बांधा. वरच्या नमुन्यात अहवालाच्या दुसऱ्या तुकड्यात दोन आणि तिसऱ्यात तीन रेघा आहेत, त्या याच. मिनिटांपेक्षा या रेघा जास्त बोलक्या असतात, पण त्याबद्दल इथले इतर लोक सांगतीलच.

खाती सहा ते आठ, अधिक नाहीत. अठरा खाती केली की प्रत्येक बदलाला 'हे कशात टाकू?' असा विचार करावा लागतो आणि त्या विचारापायीच वही बंद पडते. 'इतर' हे खातं जरूर ठेवा. आठवड्याच्या बेरजेत त्याचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या वर गेला तर त्यातलं सगळ्यात मोठं काम बाहेर काढून त्याला स्वतःचं खातं द्या. हा बदल आठवड्याच्या सुरुवातीलाच करा. मधल्या वारी केला तर त्या आठवड्याची बेरीज कशाशीच ताडून बघता येत नाही.

सावकाश

वर लिहिलंय त्याच्याशी सहमत. खात्यांबद्दल थोडी भर.

कामाचा प्रकार आणि काम कोणासाठी, या दोन गोष्टी एकाच खात्यात कोंबू नका. 'फोन', 'ईमेल', 'अहवाल', 'नवा प्रकल्प' अशी यादी बहुतेक जण करतात आणि दुसऱ्या दिवशी अडतात: नव्या प्रकल्पाबद्दलचा फोन कुठे लिहायचा? एकदा इकडे, एकदा तिकडे लिहिला की दोन्ही बेरजा बाद. कोरी_वही यांचा प्रश्न 'अहवालाला किती वेळ गेला' असा आहे. मग अहवालाच्या संदर्भातला फोनही 'अह' मध्येच जाईल आणि 'फो' म्हणजे बाकीचे फोन. उलट 'फोनवर किती वेळ जातो' हे शोधायचं असेल तर सगळे फोन 'फो' मध्ये. आधी प्रश्न ठरवा, खाती त्यावरून. दोन्ही हवं असेल तर दोन अक्षरं लिहा, पहिलं कोणासाठी आणि दुसरं प्रकाराचं. पण सुरुवातीचे दोन आठवडे तरी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

टिपणटाप

चौथ्या दिवशी बंद का पडतं, यावर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पहिलं कारण, संध्याकाळी आठवून लिहिणं. आठवणीत मोठी आणि त्रासदायक कामं ठळक राहतात, किरकोळ कामं गळतात. त्यामुळे आठवून लिहिलेलं पान नेहमी नीटनेटकं असतं: अहवाल दोन तास, बैठक एक तास. ज्या पानावर सगळे आकडे अर्ध्या तासाचे आहेत ते त्या वेळी लिहिलेलं नाही, हे लांबूनही कळतं.

दुसरं कारण वहीची जागा. वही खणात असेल किंवा मिटलेली असेल तर ती भरली जाणार नाही. ए५ आकाराची, सपाट उघडी राहणारी, ज्या हाताने लिहिता त्या बाजूला आणि पेन टोपण न घालता तिच्यावर आडवं. कळफलक आणि हात यांच्या मध्ये असेल तर आणखी चांगलं. एका दिवसाला एक पान, तारीख आदल्या दिवशीच टाकून ठेवायची. टेबलावरच्या कामात १२ ते २० ओळी होतात. रोज २५ च्या वर जात असतील तर नोंद फार बारीक होते आहे, किंवा दिवसच तुकड्यातुकड्यांचा आहे. हे दुसरं असेल तर ती नोंदीची चूक नव्हे, तेच उत्तर आहे.

तिसरं कारण, सुटलेला वेळ भरून काढायचा हट्ट. दुपारी दोन तास लिहायचे राहिले की मन म्हणतं, आधी ते भरू आणि मग पुढे. तिथेच गाडं अडतं. सुटलेल्या जागी प्रश्नचिन्ह टाका, आत्ताची वेळ लिहा, पुढे चला. त्याच दिवसाचं असेल तर पाठवलेल्या ईमेलच्या वेळा, फोनमधली कॉलची यादी आणि फाइल शेवटची कधी साठवली ती वेळ, या तिन्हींवरून बरंचसं जुळवता येतं. मात्र अशा ओळीआधी नागमोडी रेघ काढा, म्हणजे अंदाज कुठला आणि नोंद कुठली ते नंतर ओळखू येईल. कालचं आज भरू नका. प्रश्नचिन्हाचं वेगळं खातं समजा. आठवड्यात ते दोन-तीन तासांच्या आत असेल तर बाकीचे आकडे वापरण्याजोगे आहेत.

लिहायची आठवण राहत नसेल तर ती एखाद्या हालचालीला बांधा: फोन ठेवला की, खुर्चीतून उठताना आणि परत बसताना. बहुतेक बदल या तीन हालचालींत येतात. राहतात ते खुर्चीतल्या खुर्चीत होणारे, म्हणजे अहवालातून ईमेलमध्ये घसरणं. ते पकडायला पहिला आठवडा जातोच.

कोरी_वही

वा, भरभरून उत्तरं. शेवटचा रकाना काढायची कल्पना पटली. एक शंका आहे. बेरजेचा कंटाळा येतो म्हणून हेच एक्सेलमध्ये केलं तर? मागे एकदा करून बघितलं तेव्हा आठवड्याची बेरीज ५ तास आली. दिवसाचीच आठ होती!

सूत्रधार

बेरीज बरोबर होती, दिसत चुकीची होती. एक्सेल वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक धरतं. २४ तास म्हणजे १, अर्धा तास म्हणजे ०.०२०८. साध्या वेळेच्या रूपात ते पूर्ण दिवस लपवतं आणि उरलेले तास दाखवतं. २६ तास ३० मिनिटं असतील तर २:३० दिसतं. सेलच्या फॉरमॅटमध्ये 'कस्टम' निवडून तासाच्या अक्षराभोवती (h) चौकोनी कंस घाला, खरा आकडा दिसेल. त्याहून सोपं म्हणजे मिनिटांतच काम करा.

रकाने असे: तारीख, वेळ, खातं, शेरा, मिनिटं. आजची तारीख टाकायला कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ, आत्ताची वेळ टाकायला कंट्रोल, शिफ्ट आणि अर्धविराम. गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्येही हेच चालतं. 'नाऊ' हे फंक्शन मात्र वापरू नका. तक्ता पुन्हा मोजला गेला की ते नवी वेळ दाखवतं आणि सकाळपासूनच्या सगळ्या ओळी एकाच वेळेच्या होतात.

मिनिटांच्या रकान्यात: खालच्या ओळीची वेळ वजा या ओळीची वेळ, गुणिले १४४० (दिवसाची एकूण मिनिटं). फॉर्म्युला टाकल्यावर तो सेल बहुतेकदा वेळेच्या रूपातच राहतो आणि ३५ ऐवजी ०:०० असं काहीतरी दिसतं. घाबरू नका, त्या रकान्याचा फॉरमॅट 'नंबर' करा. 'बंद' या ओळीपुढचा मिनिटांचा सेल रिकामा ठेवा, नाहीतर पुढच्या सकाळच्या वेळेतून आदल्या संध्याकाळची वेळ वजा होऊन उणे आकडा येईल आणि बेरीज खाली ओढेल. मध्यरात्रीपलीकडे काम जात असेल तर तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये ठेवा, वजाबाकी आपोआप सरळ होते.

आणखी दोन चुका सतत दिसतात. वेळ ९.०५ अशी टिंबाने लिहिली तर एक्सेल तिला वेळ मानतच नाही, तो साधा दशांश आकडा होतो. त्याला वेळेचं रूप दिलं तर १:१२ दिसेल! विसर्गासारखी दोन टिंबंच हवीत. दुसरी, तास दशांशात लिहिताना ७ तास ४५ मिनिटं म्हणजे ७.४५ नव्हे, ७.७५. ही चूक एकट्याने पडताळता येत नाही, कारण ७.४५ बघायला अगदी बरोबर वाटतं.

खातेवार बेरजेला 'सम-इफ' हे अटीनुसार बेरीज करणारं फंक्शन पुरतं. पिव्हट टेबल, म्हणजे एक्सेलने आपोआप मांडलेला गोषवारा, केलं तर तारखा आडव्या आणि खाती उभी असं एका पानात महिनाभराचं चित्र मिळतं. खात्यांची अक्षरं हाताने टंकू नका, 'डेटा व्हॅलिडेशन' मधून यादी लावा. 'अह' आणि शेवटी मोकळी जागा असलेलं 'अह ' ही पिव्हटसाठी दोन वेगळी खाती आहेत, डोळ्याला मात्र एकच.

अवांतर: एक्सेल जड वाटत असेल तर विंडोजच्या नोटपॅडमध्ये एफ५ दाबलं की तारीख-वेळ उमटते. फाइलच्या पहिल्याच ओळीत टिंब आणि त्याला जोडून 'लॉग' हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला तर फाइल उघडताक्षणी शेवटी तारीख-वेळ आपोआप पडते. नोंदीला एवढंही पुरतं. बेरीज हाताने.

अधूनमधून

सगळे मिळून कोरी_वही यांना अखंड नोंदीच्या मागे लावताहेत, म्हणून दुसरी बाजू. 'साधारण किती टक्के' एवढंच कळायला हवं असेल तर अखंड लिहायची गरज नाही. नमुना घ्या.

कापड गिरण्यांत यंत्रं किती वेळ चालू आणि किती वेळ बंद असतात हे शोधायला संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी १९३० च्या दशकात हीच रीत मांडली. प्रत्येक यंत्राशेजारी घड्याळ घेऊन उभं राहण्याऐवजी अधूनमधून फेरी मारायची आणि त्या क्षणी कोणती चालू, कोणती बंद एवढंच टिपायचं. टेबलावरच्या कामाला तीच लागू होते. दिवसाला १० गजर लावा. गजर झाला की त्या क्षणी जे चालू असेल त्याचं एक अक्षर लिहा. दहा दिवसांत १०० अक्षरं होतात. त्यात 'अह' ३० वेळा आलं तर खरा वाटा साधारण २१ ते ३९ टक्क्यांच्या दरम्यान धरायचा. हा पट्टा निम्मा करायचा तर नमुने चौपट, म्हणजे ४०० लागतात. म्हणून मोठ्या खात्यांना ही रीत चांगली. दिवसातून वीस मिनिटं जाणाऱ्या कामाबद्दल तिच्याकडून काही कळत नाही.

गजर वेडेवाकडे लावा: ९:१७, १०:०८, १०:५१. बरोबर तासाच्या ठोक्याला लावलेत तर बैठका सुरू होतानाचेच क्षण सापडतील आणि बैठकांचा वाटा फुगेल. आणि गजर झाल्यावर 'आता अहवाल उघडणारच होतो' असा विचार करून 'अह' लिहायचं नाही. जे चालू होतं ते लिहायचं.

रोजकीर्द

नमुन्याची रीत बरी, पण तिच्यात तुकडे दिसत नाहीत. एका दिवशी अहवालाला १३० मिनिटं गेली हे कळतं. ती तीन तुकड्यांत गेली की अकरा, हे कळत नाही. लिहायच्या कामात सगळा फरक तिथेच आहे. तीन तुकडे म्हणजे सरासरी ४३ मिनिटं, अकरा म्हणजे जेमतेम १२. दोन्ही दिवसांची बेरीज तीच, हाती आलेला मजकूर वेगळा.

सावकाश

'त्या पानांचं करायचं काय' हा प्रश्न राहिलाच. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बसा आणि फक्त हे बघा: प्रत्येक खात्याची बेरीज, मुख्य कामाचा सलग सगळ्यात लांब तुकडा आणि तो कोणत्या वेळी सापडला, आणि उभ्या रेघा कोणत्या तासात जास्त आहेत. रेघा सकाळी १० ते ११ मध्ये दाटल्या असतील तर मसुदा त्या तासात लिहायला बसण्यात अर्थ नाही. ईमेल आणि परतीचे फोन तिथे सरकवा. सलग तुकडे दुपारी सापडत असतील तर दुपार राखा, 'सकाळी डोकं ताजं असतं' हे कितीही वेळा ऐकलेलं असो.

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारू नका. लिहायला लागलं की माणूस लगेच शहाण्यासारखा वागू लागतो आणि पहिले दोन-तीन दिवस दाखवण्यापुरते होतात. ते बेरजेतून वगळलेत तरी चालेल.

नोंद कायमची ठेवायलाच हवी असंही नाही. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांचा १९६७ मधला सल्ला असा की नोंद त्या त्या वेळीच करायची, मागाहून आठवून नाही, आणि सलग तीन-चार आठवडे, वर्षातून दोनदा एवढी ठेवली तरी पुरे. दुसऱ्या टोकाला रशियन कीटकशास्त्रज्ञ अलेक्सांद्र ल्युबिश्चेव. त्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेली नोंद १९७२ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालू ठेवली आणि तीही मधली विश्रांती वजा करून फक्त निव्वळ वेळेची. त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलण्यासारखी आहे, निव्वळ आणि ढोबळ वेळ वेगळी मोजणं. 'आज नऊ तास काम झालं' हे ढोबळ. त्यातून 'वि' आणि प्रश्नचिन्हं वजा केली की जे उरतं ते निव्वळ. पुढच्या कामाला किती दिवस लागतील हे ठरवताना निव्वळ आकडाच धरायचा.

अंदाज सुधारायचा असेल तर मोठं काम सुरू करण्याआधी अंदाजाची मिनिटं पानाच्या कडेला लिहा आणि गोल करा. काम झाल्यावर खरी मिनिटं त्याच्या शेजारी. अशा दहा-बारा जोड्या झाल्या की खऱ्याला अंदाजाने भागा. उत्तर सतत १.६ च्या आसपास येत असेल तर पुढचा अंदाज १.६ ने गुणून सांगा.

टिपणटाप

एक सूचना. ही वही आणि कार्यालयाची टाइमशीट वेगळ्या ठेवा. दुसऱ्याला दाखवायच्या नोंदीत 'वि' आपोआप आकसतं आणि 'अह' फुगतं. त्यासाठी कोणी लबाड असावं लागत नाही. बिलासाठी लिहिणाऱ्यांची एककंही निराळी असतात. वकिली व्यवसायात अनेक ठिकाणी ६ मिनिटांचं एकक चालतं, कारण तो तासाचा बरोबर दहावा भाग आहे आणि दशांशात मांडायला सोपा. स्वतःपुरत्या नोंदीला ते ओढून आणायचं कारण नाही.

कोरी_वही

सगळ्यांचे आभार. सोमवारपासून वहीतच सुरू करतो, सात खाती, पाच मिनिटं, उभ्या रेघा. शेवटची शंका: बैठकीत बसून ईमेलला उत्तरं दिली तर ती वेळ कोणाची? आणि संगणकावर मोठी फाइल तयार होत असताना मी दुसरंच काही करत असेन तर?

रोजकीर्द

बैठकीतून उठून जाता येत नव्हतं ना? मग ती वेळ बैठकीची. ईमेलसाठी त्या ओळीवर 'ई' लिहून ठेवा, मिनिटं फोडू नका. एकाच मिनिटाला दोन खात्यांत लिहिलंत की ताळा जुळणं संपलं. फाइलचं उलट आहे: यंत्र काय करतंय ते लिहायचं नाही, तुमचं लक्ष कुठे आहे ते लिहायचं. फाइल तयार होईपर्यंत पडद्याकडे बघत बसलात तर ती मिनिटं 'अह', ईमेल उघडलंत तर 'ई'. आणि बैठकीत लिहिलेले ते 'ई' शुक्रवारी मोजा. एकाच बैठकीच्या ओळीवर दर आठवड्याला दिसत असतील तर ती बैठक तुमच्याविना चालते का हे विचारून बघा.